पद्मिनीचा फ्लोअर गंजलाय: वरून पत्रा मारू की कापून बदलू?

पत्र : आमच्याकडे बाबांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. घर मालवणात, समुद्र अगदी जवळ. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गाडी शेडमध्येच उभी राहिली, वर ताडपत्री. यंदा दिवाळीत साफ करायला घेतली तर ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट पाण्याने जड झालेलं. उचललं तर खाली पत्र्याचे पापुद्रे, आणि एका जागी बोट आरपार गेलं. एक गॅरेजवाला म्हणतो, वरून नवा पत्रा रिव्हेट करतो, खालून डांबर मारतो, दोन दिवसांत गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो, भंगारात द्या. रस्ट कन्व्हर्टर नावाचं एक द्रावण मिळतं असं कळलं. ते लावून गंज थांबेल का? मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे, तेव्हा गाडी दारात उभी असावी अशी बाबांची फार इच्छा आहे. काय करू?
— एक वाचक, मालवण

नमस्कार ताई,

गाडी भंगारात देऊ नका, आणि वरून पत्रा मारूनही घेऊ नका. फ्लोअर गंजणं ही या गाड्यांची नेहमीचीच तक्रार आहे आणि तिच्यावर पक्कं काम करता येतं. तुमचं पत्र दिवाळीनंतरचं आहे, म्हणजे कोकणातले कोरडे महिने अजून हातात आहेत. मेपर्यंत काम होईल. फक्त क्रम चुकवू नका: आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं, मग गाडी आतून खडखडीत वाळवायची, आणि त्यानंतरच पत्र्याला हात लावायचा. बहुतेक ठिकाणी हे उलटं होतं. पत्रा नवा बसतो, पाणी तसंच येत राहतं, आणि दोन पावसाळ्यांत नवा पत्राही जुन्याच्या वाटेने जातो.

तोवर ही गाडी रस्त्यावर काढू नका. अगदी बाजारापर्यंतसुद्धा नको. कारण असं, की पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. १९५३ साली इटलीत आलेल्या या ११००च्या पिढीला वेगळी चासी नव्हती, बॉडी हाच सांगाडा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून बाहेर पडलेल्या गाड्याही त्याच बांधणीच्या. जुन्या जीपचा फ्लोअर सडला तर खाली चासीचे दोन लांब बीम शाबूत असतात, फ्लोअर हा फक्त पाय ठेवायचा पत्रा. पद्मिनीत तसं नाही. बुटाच्या खोक्याचा तळ कापून टाकला की उरलेल्या चार भिंती हाताने मुरगळता येतात, तसं या बॉडीचं आहे. फ्लोअर, दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या सिल आणि मधला बोगदा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा ज्याखालून जातो तो उंचवटा) मिळून गाडीची ताकद बनते. पुढच्या सीटचे बोल्ट याच पत्र्यात आहेत. जोरात ब्रेक मारल्यावर माणसासकट सीटचा सगळा झटका या पत्र्यावर येतो. म्हणूनच रिव्हेट मारलेला पत्रा मला मान्य नाही.

आता पाण्याबद्दल. फ्लोअरचा गंज खालून, रस्त्याच्या चिखलाने चढतो असं लोक धरून चालतात. पण अशा गाड्यांत तो बहुतेक वेळा आतून, वरून खाली गेलेला असतो. रबरी मॅटखाली जो नमदा असतो तो एकदा भिजला की वरच्या रबरामुळे वाळतच नाही. वरून हात लावला तर मॅट कोरडं लागतं, आणि खाली पत्रा महिनोन्महिने ओल्या नमद्याला चिकटून राहतो. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन एवढंच लागतं. मीठ मिळालं की हे काम कैक पटींनी वेगात होतं, आणि तुमच्याकडे वाऱ्याबरोबर मीठ येतंच. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे जो पत्रा देशावर कोरडा राहिला असता तो मालवणात ओलसरच राहतो.

म्हणून पहिलं काम हे करा. सीट, मॅट, नमदा सगळं बाहेर काढा. नमदा धुऊन परत घालायचा विचार करू नका, तो टाकूनच द्या. दोन-तीन दिवस दारं उघडी ठेवून पंखा लावा. मग फ्लोअरवर कोरडी वर्तमानपत्रं अंथरा, भावाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि तुम्ही बाहेरून पाइपने पाणी सोडा. पाणी खालून वर चढवत न्यायचं: आधी दाराचा खालचा भाग, मग दाराच्या काचेची पट्टी, मग समोरची काच, शेवटी टप. एका जागी पाच-सात मिनिटं धीर धरून सोडा. एकदम टपावरून ओतलंत तर पाणी सगळीकडून येईल आणि कुठून आलं ते कळणार नाही.

माझा पहिला संशय समोरच्या काचेच्या रबरावर आहे, त्यातही खालच्या दोन कोपऱ्यांवर. इतक्या वर्षांत रबर कडक होऊन आखडतं, कोपऱ्यात केसाएवढी फट पडते, आणि पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरत थेट पायाशी येतं. ओल जिथे दिसते तिथून पाणी शिरलेलं नसतं, हे डोक्यात पक्कं ठेवा. रबर बदला. रबराखालची पत्र्याची कड गंजलेली निघाली तर ती साफ करून, रंगवूनच नवं रबर चढवा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन त्या फटीत भरू नका. ते सुकताना त्यातून आम्ल सुटतं आणि ते उघड्या पत्र्याला खातं.

दुसरा संशय दारांवर. दाराच्या आत पाणी जाणारच, काचेच्या पट्टीतून ते खाली उतरतं. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. माती आणि पाचोळ्याने ती बुजली, किंवा कोणी रंग मारताना बुजवली, की पाणी दारात साठून आत सांडतं. बारीक तार घालून ती मोकळी करा. वायरी आणि केबल इंजिनकडून आत येतात तिथल्या रबरी चकत्याही बघा. फुटलेली चकती पाच मिनिटांत बदलता येते, पण तिच्याकडे कोणी बघत नाही.

हे झालं की गाडी आतून पुन्हा खडखडीत वाळवा आणि मग गंज किती पसरलाय ते बघा. फ्लोअरवरचा डांबरी थर हीट गनने मऊ करून पत्तीने खरवडून काढा. त्याच्याखाली काय आहे ते कळल्याशिवाय कोणालाही कामाचा आकडा सांगता येणार नाही. मग एक जाड स्क्रूड्रायव्हर घ्या. आधी त्याच्या मुठीने इंचाइंचावर ठोकत जा. चांगला पत्रा ठण् वाजतो, हात थोडा उसळतो. सडलेला भद्द वाजतो आणि मूठ तिथेच बसते. असा आवाज आला की टोकाने दाबा. रंग शाबूत दिसत असला तरी टोक आत गेलं तर तिथे पत्रा नाही, रंगाने धरून ठेवलेला गंज आहे. तुम्हाला बोटाएवढं भोक दिसलंय, पण ठोकल्यावर तळहाताएवढा, कदाचित ताटलीएवढा भाग खडूने आखावा लागेल. घाबरू नका, हे नेहमीचं आहे.

सगळ्यात जास्त वेळ जोडांवर घालवा. फ्लोअरचा पत्रा आणि सिल जिथे एकमेकांवर चढवून स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी, जोडलेत, तिथे दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून फुगतो आणि स्पॉट वेल्डच्या मधला पत्रा लाटेसारखा उचलला जातो. नखाने चाचपलं तरी ते वरखाली कळतं. असा फुगलेला जोड वरून रंगवून कधीच बरा होत नाही. गाडीखाली जाऊन जॅक लावायची जागा आणि मागचे कमानपाटे बॉडीला जिथे धरलेत त्या जागा बघा. पाट्याच्या जागेचा पत्रा सडला असेल तर काम फ्लोअरपेक्षा मोठं आहे, आणि ते आत्ताच कळलेलं बरं. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नका. चांगल्या पत्र्याखाली घोड्या (लोखंडी आधारस्टँड) लावा आणि मगच आत शिरा.

आता तुमचा थेट प्रश्न, कन्व्हर्टरचा. त्यात साधारणपणे फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असतं. पहिल्यामुळे गंजाचं लोह फॉस्फेट होतं, दुसऱ्यामुळे काळपट निळा टॅनेटचा थर. दोन्ही थर गंजापेक्षा स्थिर असतात, हे खरं. पण द्रावण पोचतं फक्त पातळ, पत्र्याला घट्ट धरून असलेल्या गंजापर्यंत. पापुद्रे सुटलेत तिथे ते वरचा पापुद्रा काळा करतं आणि खाली गंज चालूच राहतो. गंजून गेलेलं लोखंड ते परत आणत नाही, दोन पत्र्यांच्या जोडातही नीट उतरत नाही. त्यामुळे जिथे स्क्रूड्रायव्हर आत गेला नाही, वायर ब्रशने घासल्यावर फक्त लालसर डाग आणि बारीक खड्डे उरले, तिथे कन्व्हर्टर जरूर लावा. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवा, सुकवायला सांगितलं असेल तेवढा वेळ सुकू द्या. संडास साफ करायचं अॅसिड मात्र चुकूनही वापरू नका. गॅरेजमध्ये काहीजण वापरतात, पत्रा क्षणात चकचकीत होतो, पण त्यातलं क्लोराइड खड्ड्यांत राहतं आणि तेच पुन्हा गंज धरतं.

बाकी जागी कापणं आलं. गंज संपला तिथे कापायचं नसतं, त्याच्याही पुढे, दोन बोटं चांगल्या पत्र्यात जाऊन कापायचं. डेंटर इथे कंजूषी करतात, कारण भोक मोठं दिसलं की गिऱ्हाईक हबकतं. तुम्ही आधीच सांगून टाका की भोक मोठं झालं तरी चालेल, कड चांगली हवी. कागदासारख्या झालेल्या कडेला वेल्डिंग लागतच नाही. जाळ लागला की कड मागे पळते, मग वेल्डर तिथे धातूचे गोळे चढवत बसतो.

नवा पत्रा सीआरसीए, म्हणजे थंड लाटलेला गुळगुळीत पोलादी पत्रा, घ्या. मूळ फ्लोअरच्या शाबूत कडेची जाडी व्हर्नियरने मोजा आणि त्याला जुळेल असाच पत्रा आणा. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९. 'मजबूत होईल' म्हणून कोणी तीन मिलिमीटरची प्लेट सुचवली तर नको म्हणा. जाड प्लेट तापायला जो जाळ लागतो त्यात शेजारची पातळ कड जळते. मूळ फ्लोअरला जिथे उठावाच्या रेघा आहेत तिथे पॅचलाही तशा काढून घ्या, त्या शोभेच्या नाहीत, त्यांनी पत्रा ताठ राहतो. जीआय पत्रा वापरायचा हट्ट असेल तर वेल्डिंगच्या कडेवरचं जस्त घासून काढायलाच हवं, त्याच्या धुराने वेल्डरला ताप भरतो.

वेल्डिंग सीओटू मशीनवर (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवून जोडणारं मशीन), बारीक तारेने करून घ्या, ०.८ किंवा मिळाली तर ०.६ मिलिमीटरची. साध्या आर्क वेल्डिंगने हा पत्रा फुटतो. आधी लांब लांब टाके, एक इथे, एक पार समोरच्या बाजूला, मग मधले, आणि प्रत्येक वेळी पत्रा हाताला सोसेल इतका निवू द्यायचा. एका दमात ओढलेली वेल्डिंग दिसायला झकास, पण पत्रा पापडासारखा वाकडा होतो. दोन्ही बाजूंचा फ्लोअर एकाच वेळी कापू देऊ नका. सिलला हात लावायचा असेल तर आधी दाराच्या चौकटीत आडवी अँगल टाक्यांवर धरून घ्या आणि दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा. हे न करता सिल कापली तर बॉडी बसते आणि पुढे दार कधीच नीट लागत नाही.

आगीबद्दल मी जरा कडकच आहे. बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडा. पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून आवाराबाहेर ठेवा, रिकामी आहे म्हणून तशीच राहू देऊ नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त घातक. फ्लोअरखालून जाणारी पेट्रोलची आणि ब्रेकची नळी सोडवून बाजूला करा. हाताशी आग विझवायचा सिलिंडर, आणि वेल्डिंग संपल्यावर तासभर तिथे कोणीतरी थांबायलाच हवं. जुना नमदा आणि डांबर आतल्या आत धुमसत राहतं.

आता गॅरेजवाल्याच्या डांबराबद्दल. दोन दिवसांत गाडी न्या असं सांगणारा माणूस वाईट नसतो, गिऱ्हाईक तेच मागतं म्हणून तो तेच देतो. पण सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा मारला की मध्ये कायमचा ओला कप्पा तयार होतो. रिव्हेटच्या भोकांतून पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नाही. वर डांबर मारलं की काय चाललंय ते दिसेनासं होतं. डांबर पहिली दोन वर्षं छान दिसतं, मग कडक होऊन तडकतं, तडकेतून पाणी त्याच्या मागे शिरतं आणि तिथेच बसून राहतं. फायबर किंवा एम-सीलचंही तेच, भोक बुजतं, ताकद येत नाही.

वेल्डिंगनंतर रंगाची घाई होते आणि सगळ्या कामाची माती तिथेच होते. गाडी समुद्राकाठची आहे, पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत मीठ आहेच. घासून झाल्यावर पत्रा गोड्या पाण्याने ब्रश मारून धुवा, लगेच हीट गनने वाळवा, थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि त्याच दिवशी प्राइमर मारा. रात्रभर उघडा ठेवलात तर सकाळी तांबूस छटा दिसेल. हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड खिडकीच्या गजांना ठीक आहे, गाडीच्या तळाला नाही, त्यातून ओल आत जाते. दोन डब्यांचा इपॉक्सी प्राइमर घ्या. झिंक प्राइमर, म्हणजे जस्ताची पूड असलेला, घ्यायचा असेल तर तो फक्त उघड्या चकचकीत लोखंडावर. कन्व्हर्टरच्या थरावर मारलेलं जस्त लोखंडाला टेकतच नाही, मग ते काम कसं करणार? हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असावी आणि पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं) निदान ३ अंशांनी गरम, असा रंगकामाचा नियम आहे. मालवणात त्याचा अर्थ असा, की सकाळचं दव उडाल्यावर सुरू करा आणि उन्हं कलायच्या आत थांबा. हार्डनरवाला रंग फवारताना तोंडाला रुमाल पुरत नाही, रसायनांचा मास्क हवा.

प्राइमर सुकल्यावर सगळे जोड दोन्ही बाजूंनी पॉलियुरेथेन सीमसीलरने भरा, मग रंग. वेल्डिंगची मागची बाजू विसरू नका. वरून टाका मारला की खालचा रंग जळून पत्रा उघडा पडतो, आणि नव्या फ्लोअरला पहिला गंज तिथेच धरतो. सिलच्या पोकळीत, जिथे ब्रश पोचत नाही, नळीच्या पिचकारीने कॅव्हिटी वॅक्स सोडा. ते पातळ असतं, जोडांत पसरत जातं आणि कडक होऊन तडकत नाही. तळालाही मी डांबरापेक्षा मेणाचंच कोटिंग सुचवेन. दर एक-दोन वर्षांनी ते पुन्हा मारावं लागतं, पण खाली काय चाललंय ते दिसत राहतं. कोटिंगच्या भरात पाणी निघायची भोकं बुजली नाहीत ना ते तार घालून बघा.

डेंटरशी ठरवताना एकच अट घाला, पैशांची बोलणी बाकी कशीही होऊ दे: कापल्यावर आणि प्राइमर मारण्याआधी, अशा दोन वेळा मी येऊन बघणार आणि फोटो काढणार. चांगला कारागीर याला आनंदाने हो म्हणतो, कारण त्याचं खरं काम एरवी कोणाला दिसतच नाही. नाही म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. नोंदणीचं नूतनीकरण कधी संपतंय तेही याच वेळी बघून घ्या. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीला ते दर पाच वर्षांनी लागतं, आणि आरटीओत तपासणीला हे फोटो हाताशी असलेले बरे.

लग्नानंतर गाडी पुन्हा शेडमध्ये जाईल, तेव्हा ताडपत्री नको. खाली मातीची जमीन असेल तर तिची वाफ वर येते आणि ताडपत्री ती गाडीभोवती कोंडून ठेवते. सुती कव्हर घाला, खाली कोबा नसेल तर फरशा टाका, काचा बोटभर उघड्या ठेवा. नव्या नमद्याऐवजी पाणी न शोषणारा फोम घाला, तोही न चिकटवता, म्हणजे उचलून बघता येईल. वरात किंवा फोटोंसाठी कोणी गाडी वाळूवर न्यायला सांगितलं तर साफ नाही म्हणा. नेलीच तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. तुमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर त्याने धुऊ नका, नळाचं पाणी भरून ठेवा. जूनमध्ये पहिले दोन-चार जोराचे पाऊस पडून गेले की ड्रायव्हरच्या बाजूचा फोम उचला आणि सिलच्या जोडावर कोरडा टिश्यू पेपर दाबा. ओला झाला तर काचेच्या रबराचा खालचा कोपरा पुन्हा बघा.